सगळे अल्कधातू क्षार विरघळतात म्हणे!

विद्राव्यतेच्या, म्हणजे कोणता क्षार पाण्यात किती विरघळतो याच्या, बऱ्याच तक्त्यांची पहिली ओळ ठरलेली असते: सोडियम, पोटॅशियम आणि अमोनियमचे सगळे क्षार पाण्यात विरघळतात. दोन द्रावणं एकत्र केल्यावर तळाला काय बसेल एवढंच सांगायचं असेल, तर या ओळीवर काम भागतं. पण वजन करून द्रावण बनवायचं, स्फटिक पाडायचे किंवा दोन क्षार वेगळे करायचे म्हटलं, की ती ओळ काहीच सांगत नाही. आणि तिच्यात याच अल्कधातूंच्या गटातलं लिथियम नाही, हे तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

दोन टोकं बघा. लिथियम फ्लोराइड १०० ग्रॅम पाण्यात जेमतेम ०.१३ ग्रॅम विरघळतं. सीझियम फ्लोराइड १८ अंश सेल्सिअसला तेवढ्याच पाण्यात ३६७ ग्रॅम जातं. सीझियमचा अणू जड, म्हणून वजनाची तुलना फसवी आहे असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. मग मोलमध्ये, म्हणजे कणांच्या संख्येत, मोजा: तरीही फरक जवळपास पाचशे पट राहतो. ऋण आयन (ऋण भाराचा कण, इथे फ्लोराइड) तोच, धातूचा गट तोच, भारही तोच.

कारण आकारात आहे. क्षार विरघळताना दोन गोष्टींची ओढाताण चालते. स्फटिकाची जाळी मोडायला ऊर्जा लागते, आणि सुटे झालेले आयन पाण्याच्या रेणूंनी वेढले गेले की ऊर्जा परत मिळते. जाळीची ऊर्जा ठरते दोन्ही आयनांच्या त्रिज्यांच्या बेरजेवरून. पाण्याकडून मिळणारी ऊर्जा मात्र प्रत्येक आयनाची त्याची त्याची. लिथियम आयनाची त्रिज्या सुमारे ७६ पिकोमीटर, सीझियमची १६७. फ्लोराइडची १३३, आयोडाइडची २२०. आता लिथियमच्या जागी सीझियम आणला, तर फ्लोराइडमध्ये बेरीज २०९ वरून ३०० होते, म्हणजे ४४ टक्के वाढ. आयोडाइडमध्ये ती २९६ वरून ३८७ होते, वाढ फक्त ३१ टक्के. लिथियमऐवजी सीझियम आल्याने पाण्याकडून मिळणारी ऊर्जा घटते, पण ती घट दोन्हीकडे सारखीच. म्हणून छोट्या फ्लोराइडच्या बाबतीत धातू मोठा होत गेला की जाळी झपाट्याने सैल होते आणि विद्राव्यता वाढते. मोठ्या आयोडाइडच्या बाबतीत जाळीला तितका फरक पडत नाही, पण पाण्याची ओढ कमी होते, म्हणून विद्राव्यता घटते. लिथियम आयोडाइड २० अंशाला १६५ ग्रॅम, सीझियम आयोडाइड ८० ग्रॅमच्या आसपास.

थोडक्यात, लहानाला लहान आणि मोठ्याला मोठा भेटला की जोडी घट्ट बसते, विजोड जोडी पाण्यात सहज सुटते. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. पाण्याच्या रेणूंची मांडणी बदलल्याने एन्ट्रॉपीत, म्हणजे कणांच्या अव्यवस्थेत, पडणारा फरकही हिशोबात असतो. मिठाचंच उदाहरण घ्या. त्याची जाळी मोडायला मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल लागतात आणि पाण्याकडून त्याहून जेमतेम ४ किलोज्यूल कमी परत मिळतात. ऊर्जेच्या हिशोबात तोटा, तरी मीठ विरघळतंच. आठशेच्या घरातल्या दोन आकड्यांची वजाबाकी करून उत्तर एक-दोन अंकी येत असेल, तर मूळ आकड्यांतल्या एका टक्क्याच्या चुकीने चिन्हही उलटतं. त्यामुळे अशा वजाबाकीवरून ‘हा विरघळेल, तो नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या उत्तरांवर माझा विश्वास नाही.

आकडा वाचताना होणाऱ्या चुका

विद्राव्यतेचा आकडा तीन गोष्टींशिवाय निरुपयोगी आहे: तापमान कोणतं, कशाच्या मानाने, आणि क्षाराचं कोणतं रूप मोजलं आहे.

मिठाचे २० अंशाला ३५.९ ग्रॅम, हे १०० ग्रॅम पाण्यामागे. द्रावणाच्या वजनात ते २६.४ टक्के होतात. संपृक्त, म्हणजे आणखी क्षार मावणार नाही अशा, द्रावणाची घनता १.२० च्या आसपास, म्हणून १०० मिलिलिटर द्रावणात मीठ साधारण ३१.७ ग्रॅम. तिन्ही आकडे बरोबर, पण एका तक्त्यातला पहिला आणि दुसऱ्यातला तिसरा घेऊन तुलना केली की सगळं कोसळतं.

त्याहून मोठी चूक स्फटिकजलाची, म्हणजे क्षाराच्या स्फटिकातच बांधलेल्या पाण्याची. सोडियम कार्बोनेटचा २० अंशाचा आकडा २१.५ ग्रॅम हा निर्जल क्षाराचा आहे. बाटलीत दहा रेणू स्फटिकजल असलेला धुण्याचा सोडा असेल तर त्याच कार्बोनेटसाठी २.७० पट, म्हणजे ५८ ग्रॅम घ्यावे लागतात. इथपर्यंत बहुतेक जण येतात. विसरतात ते पुढचं: त्या ५८ ग्रॅममध्ये ३६.५ ग्रॅम पाणीच आहे. म्हणून वरून १०० ग्रॅम नव्हे, फक्त ६३.५ ग्रॅम पाणी घालायचं. पूर्ण १०० ग्रॅम घातलं तर द्रावण संपृक्ततेच्या बरंच खाली राहतं, आणि ‘तक्ता चुकीचा आहे, अजून विरघळतंय’ असा समज होतो. लिथियम हायड्रॉक्साइडचंही तसंच, ते बहुधा एका स्फटिकजलाच्या रूपात मिळतं. लिथियम क्लोराइड तर हवेतली ओल इतक्या वेगाने ओढतं, की ते झाकणाच्या बाटलीत तोलावं आणि झाकण क्षणभरच उघडावं.

लिथियम: गटातला उपरा

फ्लोराइड, कार्बोनेट आणि फॉस्फेट या तिघांच्या बाबतीत लिथियम सोडियमसारखं वागत नाही, मॅग्नेशियमसारखं वागतं. लिथियम फॉस्फेट १०० ग्रॅम पाण्यात ०.०४ ग्रॅमच्या आसपास विरघळतं. लिथियम हायड्रॉक्साइड २० अंशाला १२.८ ग्रॅम, तर सोडियम हायड्रॉक्साइड १०९ ग्रॅम.

यातलं कामाचं म्हणजे कार्बोनेट. शून्य अंशाला १.५४ ग्रॅम, २० ला १.३३ आणि १०० अंशाला अवघं ०.७२. तापवल्यावर विद्राव्यता कमी होते, म्हणून नेहमीची सवय इथे उलटी करावी लागते. अवक्षेप, म्हणजे द्रावणातून खाली बसणारा घन पदार्थ, गरम असतानाच पाडायचा, गरमच गाळायचा आणि गरम पाण्यानेच धुवायचा.

लहान प्रमाणावर करायचं तर ८.५ ग्रॅम लिथियम क्लोराइड ५० मिलिलिटर पाण्यात आणि १०.६ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट दुसऱ्या ५० मिलिलिटरमध्ये घ्या. हे दुसरं २० अंशाला अगदी काठावर विरघळतं, तेव्हा ते आधीच कोमट करा. दोन्ही ९० अंशापर्यंत तापवा आणि ढवळत ढवळत कार्बोनेट थोडं थोडं लिथियममध्ये सोडा. एकदम ओतलं तर साका फार बारीक पडतो आणि सोडियम त्यात अडकतं, मग कितीही धुतलं तरी निघत नाही. सगळं घातल्यावर त्याच तापमानाला पंधरा-वीस मिनिटं ठेवा, म्हणजे कण मोठे होतात आणि गाळायला सोपे जातात. पाणी उडून कमी झालं तर उकळतं पाणी घालून पातळी राखा.

कागदावर उत्पादन ७.४ ग्रॅम निघतं, हातात तेवढं येत नाही. द्रावण १०० मिलिलिटर असेल तर त्यात काही भाग राहणारच, आणि थंड होऊ दिलंत तर आणखी. सोडियम कार्बोनेट पाच-दहा टक्के जास्त घेतलं तर समान आयनाच्या परिणामाने (कार्बोनेट आयन आधीच जास्त असले की लिथियम कार्बोनेट कमी विरघळतं) हा तोटा घटतो. धुण्यासाठी उकळतं पाणी, तीन वेळा दहा-दहा मिलिलिटर, पुरे. त्यात फार तर ०.२ ग्रॅम जाईल. थंड पाण्याने सढळ हाताने १०० मिलिलिटर धुतलंत तर १.३ ग्रॅमपर्यंत निचऱ्यात.

शुद्धीकरणासाठी एक सुंदर युक्ती आहे. कार्बोनेट पाण्यात कालवून थंड ठेवायचं आणि त्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा. बायकार्बोनेट तयार होतं, आणि ते कार्बोनेटपेक्षा पुष्कळ जास्त विरघळतं. न विरघळलेली अशुद्धी गाळून टाकायची आणि निवळी तापवायची. वायू निघून जातो आणि स्वच्छ कार्बोनेट परत तळाला. सोडियमच्या बाबतीत नेमकं उलट: तिथे बायकार्बोनेट २० अंशाला ९.६ ग्रॅम, कार्बोनेट २१.५.

सोडियम कार्बोनेट बनवण्याच्या सॉल्व्हे पद्धतीचा सगळा डोलारा या ९.६ वर उभा आहे. मिठाच्या पाण्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड सोडल्यावर चार क्षार बनू शकतात. २० अंशाला मीठ ३५.९ ग्रॅम, अमोनियम क्लोराइड ३७ च्या आसपास, अमोनियम बायकार्बोनेट २२ च्या आसपास, आणि सोडियम बायकार्बोनेट सगळ्यात कमी. म्हणून तेच खाली बसतं. मिठाच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घेऊन हाच डाव खेळता येत नाही, कारण पोटॅशियम बायकार्बोनेट ३३ ग्रॅमच्या वर विरघळतं.

तापमानाचे वक्र

मिठाचा वक्र, म्हणजे तापमानानुसार विद्राव्यतेचा आलेख, जवळजवळ आडवा आहे: शून्य अंशाला ३५.७, शंभरला ३९.२. उकळतं संपृक्त द्रावण २० अंशाला आणलं तर १०० ग्रॅम पाण्यामागे फक्त तीन-साडेतीन ग्रॅम मीठ मिळतं. म्हणून मीठ थंड करून नव्हे, पाणी आटवून काढतात. पोटॅशियम नायट्रेटचा, म्हणजे सोऱ्याचा, वक्र कड्यासारखा चढतो: शून्याला १३.३, २० ला ३१.६, ६० ला ११०, ८० ला १६९, शंभरला २४६. विरघळताना मोलमागे सुमारे ३५ किलोज्यूल शोषले जातात, बीकरला हात लावला तरी कळतं.

या दोन वक्रांमधल्या फरकावर शुद्धीकरण चालतं. ५० ग्रॅम सोऱ्यात ५ ग्रॅम मीठ मिसळलेलं आहे असं धरा. ८० अंशाला ३० ग्रॅम पाणी पुरेल असं तक्ता सांगतो, पण तेवढंच घेतलं तर गाळताना नरसाळ्याच्या दांडीतच स्फटिक जमून वाट बंद होते. ४० ग्रॅम घ्या. नरसाळं गरम पाण्याने तापवून घ्या, दांडी आखूड असलेलं बघा, कागद चुण्या घालून दुमडा. शून्य अंशापर्यंत थंड केल्यावर ४० ग्रॅम पाण्यात ५.३ ग्रॅम सोरा राहतो, म्हणजे ४४ ग्रॅमच्या आसपास स्फटिक मिळतात. मीठ तिथे १४ ग्रॅमपर्यंत मावू शकतं, असतं फक्त पाच, त्यामुळे ते द्रावणातच राहतं. एका क्षाराच्या उपस्थितीत दुसऱ्याचा आकडा थोडा सरकतो, पण एवढ्या हिशोबाला ते चालतं. स्फटिकांना चिकटलेलं खारं पाणी काढायला बर्फाच्या पाण्याचे पाच मिलिलिटर पुरतात. त्याने पाऊण ग्रॅमही जात नाही.

सोडियम सल्फेटचा वक्र मात्र खरा मजेशीर. शून्याला ४.९, २० ला १९.५, ३० ला ४०.८, आणि मग ३२.४ अंशाला टोक. तिथून पुढे उतार: ६० ला ४५, शंभरला ४२.५. हा एक वक्र नाहीच, दोन वक्र तिथे भेटतात. ३२.४ च्या खाली द्रावणाखाली बसलेला घन पदार्थ दहा स्फटिकजलांचा, वर निर्जल. निर्जल रूप विरघळताना उष्णता सोडतं, म्हणून तापवल्यावर त्याची विद्राव्यता घटते. हे द्रावण तापवणाऱ्या नळ्यांवर जो कडक थर चढतो तो याचमुळे: नळीचा पृष्ठभाग सगळ्यात गरम, आणि तिथेच विद्राव्यता सगळ्यात कमी.

दहा स्फटिकजलांचा हा क्षार ३२.४ अंशाला ‘वितळतो’ असं लिहिलेलं असतं, ते अर्धंच खरं. १०० ग्रॅम स्फटिकात ४४.१ ग्रॅम सल्फेट आणि ५५.९ ग्रॅम पाणी. त्या तापमानाला एवढ्या पाण्यात सुमारे २८ ग्रॅमच मावतं. उरलेलं १६ ग्रॅम निर्जल पावडर होऊन तळाशी बसतं. उष्णता साठवण्यासाठी हा क्षार वापरायच्या योजना इथेच अडतात. थंड होताना वरचं पाणी आणि तळाची पावडर पुन्हा नीट भेटत नाहीत, दर फेरीला साठवण घटत जाते. द्रावण दाट करून पावडर अधांतरी ठेवली तर नुकसान कमी होतं.

शिवाय हा क्षार अतिसंपृक्त, म्हणजे मावतो त्याहून जास्त विरघळलेला, राहण्यात पटाईत. धुळीपासून झाकून, न हलवता थंड केलं तर द्रावण तसंच बसून राहतं आणि एक कण पडला की क्षणात गोठतं. म्हणून त्याची विद्राव्यता मोजताना तळाशी घन पदार्थ दिसतोय याची खात्री हवीच.

मोजायचीच असेल तर

द्रावण घन पदार्थासह स्थिर तापमानाच्या पाण्यात ठेवा, अर्ध्या अंशाहून जास्त फरक नको, आणि २४ तास ढवळा. दोन नमुने करा: एक खालच्या तापमानावरून वर आणलेला, दुसरा वरच्यावरून खाली. दोन्हींचं उत्तर जुळलं तरच समतोल आला म्हणायचं. एकाच बाजूने केलेल्या मोजणीला किंमत नाही. ढवळणं थांबवून साका बसू द्या, निवळी त्याच तापमानाच्या पिपेटने काढा. थंड पिपेट वापरली तर सोऱ्यासारखा क्षार तिच्या टोकातच जमतो. तोललेल्या बशीत घेऊन लगेच तोला, सावकाश आटवा, ११० अंशाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा.

मिठाचे स्फटिक वाळताना तडतडून बाहेर उडतात, तेव्हा बशी झाका. सोडियम बायकार्बोनेटला ही पद्धत चालतच नाही. तापवल्यावर त्याचं कार्बोनेट होतं आणि वजन मूळच्या ६३ टक्क्यांवर येतं. तिथे आम्लाने अनुमापन करा, म्हणजे ठाऊक ताकदीचं आम्ल किती लागतं ते मोजा.

मोठ्या आयनांची बाजू

पोटॅशियम, रुबिडियम आणि सीझियम अडकतात ते मोठ्या, सैल भाराच्या ऋण आयनांत. सोडियम परक्लोरेट २० अंशाला २०० ग्रॅम, पोटॅशियम परक्लोरेट १.७. टार्टारिक आम्लाचा पोटॅशियम आम्लक्षार ०.५७ ग्रॅम. टेट्राफिनाइलबोरेटचा सोडियम क्षार सहज विरघळतो, पोटॅशियमचा लिटरभर पाण्यात ०.१ ग्रॅमही नाही. १८६० मध्ये बुन्सेन आणि किर्खोफ यांनी खनिज झऱ्याच्या सुमारे ४० टन पाण्यातून सीझियम शोधला, तेव्हा वेगळं करायला हेच तत्त्व वापरलं: पोटॅशियमचं क्लोरोप्लॅटिनेट सीझियमच्या मानाने जास्त विरघळतं, म्हणून गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन ते काढून टाकता येतं.

पोटॅशियमच्या चाचणीला सोडियम कोबाल्टिनायट्राइट वापरत असाल तर द्रावण ॲसेटिक आम्लाने किंचित आम्लधर्मी ठेवा. अल्कधर्मी द्रावणात कोबाल्ट हायड्रॉक्साइडचा तपकिरी चोथा पडतो आणि पिवळा अवक्षेप दिसतच नाही, तीव्र आम्लात अभिकर्मकच मोडतो. अमोनियम अगदी तसाच पिवळा अवक्षेप देतो, त्याचा आकार पोटॅशियमच्या जवळपास असल्यामुळे. आधी सोडियम हायड्रॉक्साइड घालून अमोनिया पूर्ण उकळून काढा, मग आम्ल करून चाचणी घ्या.

सोडियमसाठी पर्याय फार थोडे. पोटॅशियम हेक्झाहायड्रॉक्सोअँटिमोनेट दाट, उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी द्रावणात पांढरा स्फटिकी अवक्षेप देतं, काचकांडीने नळीची आतली बाजू घासली तर लवकर. आम्ल असेल तर अँटिमनीचं आम्लच पांढरं खाली बसतं आणि नसलेलं सोडियम ‘सापडतं’. त्यापेक्षा ज्योतीतला ५८९ नॅनोमीटरचा पिवळा रंग सोपा, पण तो बोटाच्या घामानेही येतो.

कार्बोनेटविरहित कॉस्टिक सोडा

हायड्रॉक्साइडांबद्दल एवढंच सांगण्यासारखं आहे, आणि अनुमापन करणाऱ्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल. कॉस्टिक सोड्यात, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कार्बोनेट असतंच. पाण्यात ते विरघळतं, पण ५० टक्क्यांच्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये जवळजवळ नाही. ५० ग्रॅम गोळ्या ५० मिलिलिटर पाण्यात थोड्या थोड्या घाला. चष्मा, हातमोजे आणि बाहेर थंड पाण्याचं भांडं हवंच: मोलमागे चाळीसहून जास्त किलोज्यूल उष्णता सुटते, द्रावण उकळायला लागू शकतं. गोळ्यांवर पाणी कधीच ओतू नका. थंड झालं की पॉलिथिनच्या बाटलीत घट्ट बंद करून काही दिवस उभं ठेवा. कार्बोनेटचा साका तळाला बसतो. वरची निवळी साधारण १९ मोलर (लिटरमागे १९ मोल) असते. उकळून थंड केलेल्या पाण्यात तिचे ५.३ मिलिलिटर घालून लिटर केलं की ०.१ मोलरच्या जवळचं द्रावण मिळतं. ते प्रमाणित करून मगच वापरा.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडवर हीच युक्ती करायला जाऊ नका. पोटॅशियम कार्बोनेट साध्या पाण्यातच १०० ग्रॅममागे ११० ग्रॅमच्या आसपास विरघळतं आणि दाट पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्येही द्रावणातच राहतं. बाटली आठवडाभर ठेवली तरी तळाला काहीच दिसणार नाही, आणि कार्बोनेट सगळं तिथेच असेल.